आधी हुज्जत, मग हिशेब

आर्गपार्स बोलतो कमी, आणि बोलला तर तक्रारच करतो. सगळे सुरळीत असेल तेव्हा तो आहे हेसुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही. स्क्रिप्ट चालते, आकडेमोड होते, आलेख निघतो, शोधनिबंध छापून येतो. आभारांच्या परिच्छेदात मार्गदर्शकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे असतात, आर्गपार्स नसतो. पण एखादे अक्षर चुकू द्या, लगेच दोन वाक्ये ऐकवतो. पहिल्यात स्क्रिप्ट चालवायची रीत, दुसऱ्यात तुमचे नेमके काय चुकले ते. आवाज चढत नाही, समजूतही काढली जात नाही. एवढे बोलायचे आणि काम बंद करून मोकळे व्हायचे, हा त्याचा खाक्या.

पायथन भाषा संगणकावर बसवली की तो तिच्याबरोबर येतोच. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत स्क्रिप्टचे नाव लिहायचे, त्यापुढे आडव्या रेघा देऊन एकेक ऑप्शन आणि त्याची किंमत लिहायची, एंटर दाबायचे. ही झाली कमांड लाइन, आणि नावापुढचा मजकूर म्हणजे आर्ग्युमेंट्स. स्क्रिप्टच्या पोटात शिरण्याआधी ती आर्गपार्सच्या हाताखालून जातात. कोणता शब्द ऑप्शन आणि कोणता त्याची किंमत, जिथे संख्या हवी तिथे संख्याच आहे ना, जे दिलेच पाहिजे ते राहून तर गेले नाही ना, एवढे तो बघतो. तहसील कचेरीत खिडकीमागे बसणाऱ्या जुन्या कारकुनाच्या जातकुळीचा आहे तो. अर्जातला प्रत्येक रकाना भरला आहे की नाही यावर बारीक नजर. भरलेला मजकूर खरा की खोटा, याच्याशी देणेघेणे नाही. त्याचे सगळे गुण या एका स्वभावातून आले आहेत, आणि सगळे दोषही.

त्याला ओळखायचे तर विज्ञानाच्या स्क्रिप्टमध्येच ओळखावे. बँकेच्या ॲपमध्ये चुकीचा आकडा गेला तर ग्राहक आरडाओरडा करतो. विज्ञानात आरडाओरडा करणारे कोणी नसते. चुकीच्या आकड्यातूनही उत्तर येतेच, तेही दशांशचिन्हापुढे सहा घरे दाखवत, आणि बरोबर उत्तर काय हे आधी कोणालाच माहीत नसते. माहीत असते तर संशोधन कशाला केले असते? त्यात स्क्रिप्ट लिहिणारा बहुधा पीएचडीचा विद्यार्थी. त्याने ती स्वतःपुरती लिहिलेली असते, मग ती शेजारच्या टेबलावर जाते, मग पुढच्या बॅचला वारशाने मिळते. कोणता आकडा कोणत्या एककात द्यायचा हे लिहिणाऱ्याला पाठ असते. वारसाला नसते, आणि विचारावे तर लिहिणारा एव्हाना दुसऱ्या देशात दुसऱ्याच विषयावर काम करत असतो.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मधल्या चौकात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर पसरलेल्या. तिथल्या नोंदींवर काम करणारी एक छोटीशी स्क्रिप्ट कल्पून बघू. तिला चार गोष्टी सांगायच्या. निरीक्षणाची वारंवारता, मेगाहर्ट्झमध्ये. आकाशातल्या स्रोताची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला तो किती अंशांवर आहे ते. संदर्भ म्हणून धरायच्या अँटेनाचे नाव. आणि उत्तरे ज्यात ठेवायची तो फोल्डर. ऑप्शन चारच, पण आर्गपार्सचा अख्खा स्वभाव कळायला तेवढे पुरतात.

स्वभावाआधी घराणे बघावे. युनिक्स आणि सी भाषा घडत होत्या त्या १९७०च्या दशकात प्रोग्रामला आर्ग्युमेंट्स मिळत ती सुट्ट्या शब्दांची रांग म्हणून. कोणता शब्द कशासाठी, हे ज्याचे त्याने सोडवायचे. शब्दाची संख्या करायला सीमध्ये एटॉफ नावाचे फंक्शन होते, आजही आहे. त्याला संख्येऐवजी भलताच शब्द दिला तर ते निमूटपणे शून्य परत करते. तक्रार नाही, इशारा नाही. वारंवारता शून्य धरून गणित पुढे चालू. मग गेटऑप्ट आला आणि ऑप्शन व किंमत वेगळे काढण्याची निदान एक रीत ठरली. पायथनने आधी गेटऑप्टच उचलला, २००३ साली ऑप्टपार्स आणला. हा ऑप्टपार्स तत्त्वाचा पक्का. ऑप्शन म्हणजे ऐच्छिक, मग तो सक्तीचा कसा असेल, असा त्याचा सवाल. तर्काला तो बरोबर होता; पण वारंवारतेशिवाय ज्या स्क्रिप्टचे पानही हलत नाही तिला तो तर्क काय कामाचा? २०१० साली पायथन २.७ बरोबर आर्गपार्स घरचा झाला. त्याचे कर्ते स्टीव्हन बेथर्ड. संगणकाला माणसाची भाषा कशी समजावी हा त्यांच्या संशोधनाचा विषय. आर्गपार्सला ऑप्शन सक्तीचे करता येतात, रेघ न लावता दिलेले शब्दही नीट जागी लावता येतात. पुढे क्लिक, डॉकऑप्ट, टायपर अशी दिसायला देखणी मंडळी आली. पण ज्या संगणकावर स्वतः काही बसवायची परवानगी नसते तिथे हजर असतो तो हाच. म्हणून प्रयोगशाळांत अजून बरेचसे त्याचेच चालते.

त्याचा मोठा गुण हा, की तो लवकर नाही म्हणतो. या गुणाची किंमत सामायिक क्लस्टरवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकांच्या समूहावर कळते. संध्याकाळी टाकलेल्या जॉबचा रांगेतून पहाटे नंबर लागतो, जॉब दोन दिवस चालतो, आणि शेवटच्या टप्प्यावर उत्तर लिहायला जातो तेव्हा कळते, की सांगितलेला फोल्डरच अस्तित्वात नाही. दोन दिवसांची वीज गेली, मागे खोळंबलेल्यांचा वेळ गेला, आणि हाती आली एररची एक ओळ. मॉर्गन टाश्चुक आणि ग्रेग विल्सन यांनी २०१७ साली संशोधनाची सॉफ्टवेअर भक्कम करण्याचे दहा साधे नियम सांगणारा लेख लिहिला, त्यात सगळ्या किमती आरंभीच तपासून घ्याव्यात असा सल्ला आहे. सल्ल्यात नवे काही नाही. तरी तो द्यावा लागतो, कारण स्क्रिप्ट लिहिताना डोके उत्तरात गुंतलेले असते आणि फोल्डर ही अगदी शेवटी आठवणारी वस्तू आहे. आर्गपार्सच्या जोडीला चार ओळी लिहून फोल्डर आहे का, त्यात लिहिता येते का, त्याच नावाची जुनी फाइल आधीच पडून तर नाही ना, हे पहिल्याच सेकंदाला बघून घेता येते. त्या सेकंदाला आलेला नकार कोणालाच महाग पडत नाही.

नाही म्हणण्याची त्याची तऱ्हाही नेटकी आहे. तक्रार तो उत्तरांच्या प्रवाहात मिसळत नाही, एररसाठी राखलेल्या वेगळ्या वाटेने पाठवतो. त्यामुळे उत्तरांच्या फाइलमध्ये आकड्यांच्या मध्ये त्याचे शेरे सापडत नाहीत. जाताना २ हा आकडा मागे ठेवतो. युनिक्सच्या व्यवहारात ० म्हणजे सगळे ठीक, आणि २ म्हणजे रिवाजाने 'हुकूमच चुकीचा दिला होता'. पुढच्या पायरीने हा आकडा बघितला तर ती थांबते. नाही बघितला तर ती फोल्डरात पडलेली कालची फाइल उचलते आणि कालचे उत्तर आजचे म्हणून हाती देते. आर्गपार्स नकार देतो, पण तो ऐकायला कोणीतरी असावे लागते.

आता त्याच्या खोडी. पहिली खोड खगोलशास्त्रज्ञांच्या मुळावर येणारी आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राची क्रांती उणे २९ अंश, ० कला, २८ विकला. खोडदहून ते दिसते आणि पुष्कळांना बघायचे असते. क्रांती लिहायची रूढ पद्धत म्हणजे अंश, कला, विकला यांच्यामध्ये अपूर्णविराम: -२९:००:२८. आर्गपार्सच्या लेखी रेघेने सुरू होणारा शब्द म्हणजे ऑप्शन. नुसते -२९ किंवा -२९.५ लिहिले तर ही उणे संख्या आहे एवढे त्याला उमगते. पण मध्ये अपूर्णविराम दिसला की त्याचा तोल जातो. हा कोणतातरी ऑप्शन असावा असे समजून तो म्हणतो, क्रांतीची किंमत दिलेलीच नाही. ती समोर ढळढळीत लिहिलेली असताना! दहाच्या घातात लिहिलेल्या उणे संख्यांशीही त्याचे हेच वर्तन. पायथनच्या वर्षानुवर्षे वापरात असलेल्या आवृत्त्यांत हे असेच चालत आले आहे. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला पसरलेले अर्धे आकाश या गृहस्थाला ऑप्शन वाटते. उपाय एका चिन्हाचा: ऑप्शन आणि किंमत यांच्यामध्ये जागा न सोडता बरोबरचे चिन्ह टाकायचे. जाणता माणूस सवयीने तसे लिहितो. नवखा अर्धी दुपार घालवतो आणि शेवटी उत्तरेकडचाच एखादा स्रोत अभ्यासाला घ्यावा का, या विचारापर्यंत येतो.

दुसरी खोड होय आणि नाही यांच्यातली. स्क्रिप्टमध्ये एखादा ऑप्शन खरे-खोटे या प्रकारचा ठेवायचा म्हणून लिहिणारा त्याचा प्रकार 'बूल' असा सांगतो. वापरणारा पुढे 'फॉल्स' लिहितो. स्क्रिप्ट ते ट्रू धरते. कारण पायथनचा नियम असा, की ज्या शब्दात काहीतरी अक्षरे आहेत तो ट्रू. आणि 'फॉल्स' या शब्दात अक्षरे आहेतच. समजा, नोंदींतला गोंगाट गाळू नको म्हणून सांगितले, तर तिने गाळला. एरर नाही, सूचना नाही. पायथन ३.९ पासून अशा ऑप्शनची 'हे कर' आणि 'हे करू नको' अशी जोडी बनवून द्यायची सोय आहे, पण जुन्या स्क्रिप्ट तिच्या आधीच्या.

तिसरी खोड मोकळ्या मनाची. पुरे नाव न लिहिता आरंभीची दोन-चार अक्षरे लिहिली तरी तो ओळखून घेतो. सोयीचे वाटते. मग वर्षभराने कोणीतरी त्याच अक्षरांनी सुरू होणारा दुसरा ऑप्शन घालते, आणि तोवर बिनबोभाट चाललेल्या सगळ्या जुन्या कमांड एकाएकी 'संदिग्ध' ठरतात. तोच ऑप्शन एका ओळीत दोनदा दिला तर मात्र त्याला काहीच खटकत नाही; शेवटचा धरतो, आधीचा विसरतो. ओळ लांबलचक असेल आणि जुन्या कमांडच्या शेपटीला नवे ऑप्शन जोडत जायची सवय असेल, तर आपण काय विचारले हे विचारणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

चौथी खोड म्हणावी की घातकपणा, हे ज्याने त्याने ठरवावे. लिहिण्यासाठी फाइल हवी असे त्याला त्याच्या जुन्या पद्धतीने सांगितले, तर तपासणी चालू असतानाच तो ती फाइल उघडतो, आणि लिहायला उघडली की तिच्यातला आधीचा मजकूर पुसला जातो. त्यापुढचे आर्ग्युमेंट चुकलेले निघाले तर तो रीतीप्रमाणे तक्रार करून निघून जातो. काम झालेच नाही, पण मागच्या महिन्याची उत्तरे गेली. पायथनच्या कर्त्यांनी ही सोय आता वापरू नका म्हणून जाहीर केले आहे, ते बरे झाले.

पाचवी खोड विनोदी. मदतीच्या मजकुरात शेकड्याचे चिन्ह लिहिले, समजा 'किमान ५०% नोंदी हव्यात', तर बहुतेक आवृत्त्यांत स्क्रिप्ट एरवी बिनतक्रार चालते. फक्त कोणी मदत मागितली की कोसळते. शेकड्याचे चिन्ह दोनदा लिहायचे असते. हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण स्वतःच्या स्क्रिप्टकडे मदत मागायची वेळ त्याच्यावर कधी येत नाही.

मराठी वाचकासाठी एक मौज सांगायलाच हवी. वारंवारतेच्या जागी देवनागरी अंकांत ६१० लिहिले, तर आर्गपार्स ते बिनतक्रार स्वीकारतो. पायथन अंक ओळखते ते युनिकोडच्या यादीवरून, आणि त्या यादीत आपले अंक आहेत. एटॉफला तेच दिले तर शून्य हाती येते. पण हाच उदार गृहस्थ दोन रेघांच्या बाबतीत कर्मठ आहे. कमांड वर्डच्या फाइलमध्ये किंवा फोनवर लिहिली, की दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ आपोआप होते. डोळ्यांना फरक जाणवत नाही. आर्गपार्सला जाणवतो, आणि 'हे काय ते मला ओळखता येत नाही' म्हणून तो ती परत करतो. इथे त्याचेच बरोबर आहे.

खोडी सांभाळून घेता येतात. त्याची खरी उणीव वेगळी आहे: त्याला भौतिकशास्त्र येत नाही. वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये हवी असताना कोणी गिगाहर्ट्झच्या हिशेबाने ०.६१ लिहिले, तर तो बघतो, संख्या आहे, दशांशचिन्ह जागच्या जागी आहे, जाऊ द्या. हर्ट्झमध्ये एकसष्ट कोटी लिहिले तरी जाऊ द्या. जीएमआरटीला ऐकू येते ते साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झच्या दरम्यान, हे खोडदचा शिपाईही सांगेल. आर्गपार्सला ते कोणीतरी शिकवावे लागते. शिकवण्याची सोय त्याने ठेवली आहे. स्वतःची तपासणी लिहून तिचा निकाल त्याच्याकडे सोपवला, की तो आपल्याच आवाजात, आपल्याच दोन वाक्यांत तो ऐकवतो. पण तपासणी लिहायची कोणी? ज्याला दुर्बीण माहीत आहे त्यानेच.

आणि ती विचार करून लिहावी लागते. १२० पेक्षा कमी किंवा १४५० पेक्षा जास्त असेल तर नाही म्हण, असे सरळ वाक्य लिहिले तर त्यातून एक जण सटकतो. त्याचे नाव नॅन. 'ही संख्याच नाही' असे सांगणारी ही विशेष किंमत पायथन संख्या म्हणूनच स्वीकारते. नॅन कशाहीपेक्षा कमी नसतो आणि कशाहीपेक्षा जास्त नसतो. कोणाशीही कमी-जास्तीची तुलना केली तरी उत्तर 'नाही'. कमी आहे का? नाही. जास्त आहे का? नाही. मग आत. आत गेला की ज्याला शिवेल त्या बेरजेला, त्या सरासरीला नॅन करून टाकतो. म्हणून प्रश्न उलटा विचारावा: वारंवारता १२० आणि १४५० यांच्या मध्ये आहे का? तसे सिद्ध होत नसेल तर नाही म्हण. परवानगी सिद्ध करून मागायची, दोष शोधत बसायचे नाही. एवढ्या फरकाने नॅन दाराबाहेर राहतो.

तेवढ्यानेही भागत नाही. सुधारित जीएमआरटीचे पट्टे १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० असे आहेत. ५२० आणि ९०० हे आकडे दोन टोकांच्या मध्ये बसतात, पण कोणत्याच पट्ट्यात बसत नाहीत. दोन आकड्यांची मर्यादा पुरत नाही, पट्ट्यांची यादी लागते. अँटेनांच्या नावांचेही तसेच. मधल्या चौकातल्या अँटेना सी०० पासून सी१४ पर्यंत. नाव सी अक्षराने सुरू होते का, पुढे दोन अंक आहेत का, ते चौदाच्या आत आहेत का, अशी तपासणी कोणीही हुशार माणूस लिहील, आणि तिच्यातून सी०७ आरामात पुढे जाईल. पण सी०७ नावाची अँटेना नाहीच. क्रमांक पंधरा आहेत, अँटेना चौदा. पूर्वेच्या हातावर ई०१ नाही, दक्षिणेच्या हातावर एस०५ नाही. साचा बघून हे कळत नाही, त्यासाठी तीसच्या तीस नावे लिहून काढावी लागतात. आर्गपार्सला यादी दिली की तो तिच्याबाहेरचे काहीही आत सोडत नाही, शिवाय नकार देताना सगळी यादी वाचून दाखवतो. त्याचा तो काटेकोरपणा इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो. फक्त, स्क्रिप्टमध्येच ठरवून ठेवलेली डीफॉल्ट किंमत यादीत आहे का, हे तो बघत नाही. वापरणाऱ्यावर संशय, लिहिणाऱ्यावर विश्वास. संशोधनात तो नेहमीच योग्य असतो असे नाही.

क्रांतीची मर्यादा तर भूगोलातून येते. खोडद सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, आणि तिथली अँटेना क्षितिजाच्या वर साधारण १७ अंशांखाली झुकत नाही. नव्वदातून दोन्ही वजा करा. उणे ५४ अंशांच्या आसपास आकाशाची दक्षिणेकडची सीमा येते. त्यापलीकडचा आकडा कोणी दिला, तर त्याचे टंकन चुकले असेल किंवा त्याच्याकडची फाइल दुसऱ्या दुर्बिणीची असेल. दोन्ही गोष्टी गणित सुरू होण्याआधी कळलेल्या बऱ्या. इथेच आणखी एक बारीक फट आहे. -००:३०:०० म्हणजे विषुववृत्ताच्या अर्धा अंश दक्षिणेला. तपासणाऱ्या फंक्शनने पहिला तुकडा पूर्णांक म्हणून वाचला, तर उणे शून्याचे नुसते शून्य होते, चिन्ह गळून पडते, आणि स्रोत अर्धा अंश उत्तरेला जाऊन बसतो. तपासणी पास, मर्यादा पास, आणि स्रोताची जागा एका अंशाने चुकलेली. चिन्ह आधी वेगळे काढून ठेवायचे, मग अंश वाचायचे, हे ज्याला माहीत आहे त्याने ते कधीतरी किंमत मोजून शिकलेले असते.

शिकवलेले ज्ञान जुनेही होते. पूर्वीच्या जीएमआरटीवर काम चाले ते सुमारे १५०, २३५, ३२५, ६१० आणि १४२० मेगाहर्ट्झ अशा ठरावीक वारंवारतांच्या आसपास. त्या काळी कोणी या पाचांची यादी आर्गपार्सला दिली असेल, तर तेव्हा ते शहाणपणाचे होते. सुधारणा झाल्यावर दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झवरही उत्तम ऐकू लागली, आणि जुन्या यादीचा आर्गपार्स ४०० ला नाही म्हणत राहील. नकारामागचे कारण त्याला माहीत नसते, म्हणून कारण संपल्याचेही कळत नाही. यासाठी मर्यादा जिथे लिहिली तिथेच ती कशावरून आली हेही लिहावे, आणि नकाराच्या वाक्यातही ते यावे. '४०० चालणार नाही' एवढेच वाचणारा निराश होऊन उठतो. 'जुन्या पाच पट्ट्यांपैकी एक हवा' असे वाचणारा लगेच म्हणतो, पट्टे तर बदलले की! आणि यादी दुरुस्त करतो.

एवढे करूनही एक चूक त्याच्या हातून निसटणारच. फाइल ६१० मेगाहर्ट्झची आहे आणि कोणी ३२५ लिहिले. आकडा खरा, पट्टा खरा, एकक बरोबर. या नोंदींपुरताच तो खोटा आहे. इथे कितीही काटेकोर यादी कामाची नाही. पण रेडिओ खगोलशास्त्रातल्या फिट्स प्रकारच्या फाइल आपली वारंवारता आपल्या मथळ्यातच बाळगून असतात. मग ती माणसाला विचारायचीच कशाला? ज्याचे उत्तर फाइलला ठाऊक आहे तो प्रश्न कमांड लाइनवर असू नये. असलाच, तर दोन्ही उत्तरे ताडून बघावीत आणि जुळत नसतील तर थांबावे. जुन्या, वापरून वापरून घासलेल्या स्क्रिप्टमध्ये ऑप्शन कमी होत गेलेले दिसतात ते यामुळे. फाइलला जे माहीत असते ते फाइलकडून घेतले जाते, दुर्बिणीबद्दलचे ज्ञान यादीत जाते, आणि कमांड लाइनवर उरते ते माणसाने ठरवायचे: कोणती अँटेना भरवशाची मानायची, किती गोंगाट गाळायचा, कुठे थांबायचे.

या उरलेल्या बाबतीत आर्गपार्सने मत देऊ नये, आणि तो देतही नाही. त्याच्याकडून एकच काम करून घ्यावे. तपासून झालेल्या सगळ्या किमती, वापरणाऱ्याने दिलेल्या आणि न सांगता डीफॉल्टमधून आलेल्याही, स्क्रिप्टच्या आवृत्तीसह उत्तरांच्या फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. फिट्समध्ये इतिहासाच्या ओळींसाठी जागाच राखलेली आहे. नुसती टाइप केलेली कमांड जपून भागत नाही. पुढच्या आवृत्तीत डीफॉल्ट बदलले, की त्याच कमांडचे वेगळे उत्तर येते आणि दोघे संशोधक एकमेकांकडे संशयाने बघू लागतात. सगळ्या किमती लिहिलेल्या असल्या, तर भांडण दहा मिनिटांत मिटते: कोणी गोंगाटाची कोणती पातळी धरली ते दिसते, दुसरी धरून स्क्रिप्ट पुन्हा चालवता येते, आणि वाद उरलाच तर तो आकाशातल्या स्रोताबद्दल उरतो.